काळ्या देवाचं पांढरं नाव

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात आरे कॉलनीतील मंडळींपुढे केलेले भाषण)



कीर्तन काल झालं. आज भाषण करा असं सांगितलं आहे. म्हणजे मागं टाळकरी नाहीत, चाल धरायला कोणी नाही. आम्हांला बोलायची सवय ती अभंगाच्या आधारानं. आज अभंग घेत नाही, एकच शब्द घेतो. हा शब्द आपण दिवसातून शंभर वेळा तोंडानं घेतो, पण उघडून क्वचितच बघतो. शब्द आहे पांडुरंग.

परवा इथं तबेल्याच्या बाजूला पंगत बसली होती. सहावीतलं एक पोरगं विचारायला लागलं, "बुवा, पांडू म्हणजे पांढरा ना? मग विठोबा तर काळा आहे." त्याला गप्प बसवणारे लगेच दोघं-तिघं उठले. आम्ही म्हटलं, आवं, बसू द्या त्याला. त्यानं विचारलं ते बरोबर विचारलं. शंभर वर्षं ही दिंडी पंढरीला चालली, तिथं जाऊन काळ्या पाषाणाच्या पायावर डोकं ठेवलं आणि बाहेर येऊन पांढऱ्या नावानं आरोळी दिली. कोणाला त्यात चूक वाटली नाही. का वाटली नाही, एवढंच आज बघायचं.

आधी शब्द फोडू. पांडु अधिक रंग. रंग आपल्याला माहीत आहे. पांडु म्हणजे पांढरा असं झटकन सांगतात, पण तो दुधासारखा पांढरा नव्हे. पांडु म्हणजे पिवळट पांढरा, फिकट. अंगातलं रक्त कमी होऊन माणूस फिकट पडतो, त्याला वैद्य पांडुरोग म्हणतात. महाभारतातला पांडू राजा जन्मतःच फिकट, म्हणून ते नाव. आपला रोजचा 'पांढरा' हा शब्दही त्याच घरातला, पांडुर वरून आलेला. कोणी कोणी शब्दाची दुसरी फोड करतात, पांडुर अधिक अंग, पांढऱ्या अंगाचा. पण व्याकरण जाणणारा म्हणेल की मग 'पांडुरांग' व्हायला पाहिजे होतं. आम्हांला पहिलीच फोड सरळ वाटते.

आता हा पिवळट पांढरा रंग शेतकऱ्यानं कुठं पाहिला? वाळल्या कडब्यावर पाहिला, आणि मृग लागायच्या आधी रस्त्यावरच्या फुफाट्यात पाहिला. धुळीचा रंग तो. आणि आपल्या जुन्या माणसांनी जी कथा सांगितली ती धुळीचीच आहे. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, तिला शोधत देव आले, संगती गाई आणि गोपाळ. गाईंच्या खुरांची धूळ उडाली ती देवाच्या अंगावर बसली. मूळचा सावळा, वरून धुळीनं पांडुरका झाला, म्हणून पांडुरंग. कथा लहान आहे, पण शब्दाला चपखल बसते. दुधाचा पांढरा असता तर 'धवलरंग' म्हटलं असतं. पांडु म्हटलं, म्हणजे धूळ बघूनच म्हटलं.

तुम्ही मंडळी म्हणाल, गाईची धूळ आम्हांला काय सांगता, आमचं आयुष्य गोठ्यात गेलं. खरं आहे. १९४९ साली ही दूध वसाहत उभी राहिली, १९५१ साली पंडित नेहरू इथं येऊन रोप लावून गेले. मुंबई शहरात गल्लोगल्ली म्हशींचे तबेले होते, ते एका जागी आणावेत हा विचार होता. १,२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले, १६ हजार जनावरं असा हिशेब सांगतात. इथं गुरांच्या मागं माणसं आली, माणसांच्या मागं भजनं आली. जनावरं म्हणजे बहुतेक म्हशीच. काळी म्हैस आणि पांढरं दूध, यावर आम्ही निराळं सांगायला नको. एक मात्र सांगतो, कारण मुंबईकरांना ते बहुधा ठाऊक नसतं. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या बाजूला म्हशीची एक जात आहे, तिचं नावच पंढरपुरी. शिंगं तलवारीसारखी लांब, मागं खांद्यापर्यंत गेलेली. कोल्हापुरात कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पितात, तिथं हीच उभी असते. रंगानं काळीभोर. पंढरीच्या नावाचं जनावरसुद्धा काळंच आहे बघा.

विद्वानांचं म्हणणं वेगळं आहे, तेही सांगायला हवं. कीर्तनकारानं फक्त आपल्या सोयीची कथा सांगू नये. पंढरपुरात १२३७ सालचा एक शिलालेख आहे, त्यात गावाचं नाव पंडरगे असं कानडी वळणाचं येतं. अभ्यासक सांगतात की गावाचं हे नाव आधीचं आणि त्यावरून देवाचं संस्कृत नाव पांडुरंग झालं. शिवाय जुन्या संस्कृत कोशात पांडुरंग हे शंकराचंही नाव आहे, कारण शंकर कापरासारखा गोरा, अंगाला भस्म. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा मोठा ग्रंथ १९८४ साली लिहिला, त्यात हे सगळं बारकाईनं मांडलं आहे. म्हणून काही आपली धुळीची कथा वाया जात नाही. नाव कुठून आलं ते विद्वानांनी शोधलं. आलेलं नाव माणसांनी कसं पचवलं ते कथा सांगते.

शंकराचं नाव निघालंच आहे तर नरहरी सोनारांची गोष्ट आठवा. पंढरपुरात राहून विठ्ठलाचं तोंड न बघणारा कडवा शिवभक्त. एका सावकाराचा नवस फळला, त्याला देवाला सोन्याचा करगोटा करायचा होता. नरहरी म्हणाले, माप आणून द्या, मी देवळात येणार नाही. करगोटा कधी लांब झाला, कधी आखूड. शेवटी डोळ्याला पट्टी बांधून आले आणि हातानं माप घ्यायला लागले. हाताला लागलं व्याघ्रांबर, गळ्यात सर्प. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पुन्हा बांधली तर शंकर. ही गोष्ट हरी आणि हर एक आहेत हे दाखवायला सांगतात, आम्हीही पुष्कळदा सांगितली आहे. पण शेतात औत धरल्यावर एकदा आमच्या मनात आलं की अरे, हाताला रंग कळत नाही! डोळे बांधले तेव्हा गोऱ्या देवाची ओळख पटली, उघडले तेव्हा काळा दिसला. चाचपून बघितलं तर दोघांचं अंग एकच. फरक सांगत होते ते डोळे.

आद्य शंकराचार्यांच्या नावावर पांडुरंगाष्टक आहे, पुष्कळांच्या पाठात असेल. त्या एका स्तोत्रात देवाला पांडुरंग म्हटलं आहे आणि त्याचं वर्णन मात्र निळ्या काळ्या मेघाच्या कांतीचा असं केलं आहे. दोन्ही एकाच तोंडानं, आणि म्हणणाऱ्याची जीभ कुठं अडखळत नाही. संतांनीही त्याला सावळा म्हटलं, काळा म्हटलं, घननीळ म्हटलं. घननीळ हाही असाच जोडशब्द. घन म्हणजे ढग आणि घन म्हणजे दाट. ढगासारखा निळा म्हणा नाहीतर दाट निळा म्हणा, दोन्ही अर्थ लागतात. आम्हां शेतकऱ्यांना ढगाचाच लागतो. पांढरा ढग कापसासारखा दिसतो, फोटोला बरा असतो, पण त्याच्याकडे बघून कोणी पेरणी करत नाही. पश्चिमेकडून काळा ढग चढायला लागला की म्हातारी माणसं उठून ओट्यावर येतात. जमिनीचंही तेच. पिकाच्या जमिनीला आपल्याकडे 'काळी' म्हणतात आणि घरं जिथं असतात त्या गावठाणाला 'पांढरी'. जुन्या कागदात 'काळी पांढरी' असा जोडशब्द येतो, म्हणजे सगळं गाव, शिवारासकट. पांढरीत राहायचं आणि काळीनं पोसायचं.

आता आपल्या अंगावर बघा. वारकरी पांढरे कपडे घालतो. कपाळाला गोपीचंदनाचा उभा टिळा, त्यावर काळा बुक्का. देवाला उन्हाळ्यात, पाडव्यापासून मृगापर्यंत, चंदनाची उटी लावतात. तेव्हा काळा देव खरोखरच पांडुरंग दिसतो. या आरेतल्या पाड्यांवर वारली घरांच्या भिंती आहेत, गेरूनं तांबड्या केलेल्या आणि वर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं. खाली गडद भिंत असते म्हणून ते पांढरं उठून दिसतं. आणि वाखरीच्या रिंगणात माऊलींचा अश्व पळून गेला की त्याच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो. ती माती कुठल्या रंगाची आहे हे कोणी बघतं का? हल्ली डांबरी रस्ता झाला, पूर्वीइतका फुफाटा राहिला नाही. तरी पंढरीला पोचेपर्यंत गुडघ्याखाली पाय कोणत्या रंगाचे होतात ते स्वतःच बघा.

इथवर देवाचं झालं. आता माणसाकडं येतो, खरं तर याच्यासाठीच उभा राहिलो.

मराठीत रंगाला शेपूट लावायची रीत आहे. नुसतं लाल म्हणून आपलं समाधान होत नाही. लालचुटूक म्हणतो, लालभडक म्हणतो, लालबुंद म्हणतो. पोपटाची चोच लालचुटूक. रागावलेल्या माणसाचं तोंड लालबुंद. चोचीला लालबुंद म्हणून बघा, जिभेला खडा लागतो. शेत हिरवंगार, नवरीचा चुडा हिरवाकंच. धोतर पांढरंशुभ्र, पण भ्यालेल्या माणसाचं तोंड पांढरंफटक. दोन्ही पांढरंच की हो! पहिल्या अर्ध्यात रंग आहे आणि शेपटात बोलणाऱ्याचं मन आहे. आवडलं की शुभ्र, नावडलं की फटक.

काळ्याचं तर फारच स्पष्ट आहे. केस काळेभोर, डोळे काळेभोर, जमीन काळीभोर. रात्र काळीकुट्ट, अंधार काळाकुट्ट. म्हशीला आपण काळीभोर म्हणतो, दूध देते म्हणून. आणि पोरीला काय म्हणतो? तिथं काळीकुट्ट. कोणी काळीठिक्कर म्हणतं. तोच रंग, केसावर असला तर भोर आणि पोरीच्या गालावर असला तर कुट्ट.

आमचीच नात आहे. नर्सिंगचं शिकली, दिंडीत पखवाजाला उभी राहते, हात चांगला आहे. तिच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा मध्यस्थानं माहितीचा कागद छापून आणला. नाव, गाव, शिक्षण, आणि एक ओळ, वर्ण. तिथं त्यानं लिहिलं होतं, निमगोरी. निम म्हणजे अर्धा. निमसरकारी, निमशहरी, तशी निमगोरी. अर्धी गोरी, मग उरलेली अर्धी कोणती? ते लिहायची त्याला लाज वाटली असावी. पोरीनं पेन घेतलं, निमगोरी खोडलं आणि काळी लिहिलं. मध्यस्थ म्हणाला, असं लिहिलं तर कोणी येणार नाही. ती म्हणाली, येतील त्यांना मी दिसणारच आहे ना.

दोन घरं येऊन गेली. दोन्ही माळकरी. पहिल्यांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप धाडला. दुसऱ्यांनी काहीच कळवलं नाही, पण तिसऱ्याकडून कळलं की घरी गेल्यावर बाई म्हणाल्या, पोरगी गुणाची आहे, पण काळीकुट्ट आहे. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही, नावही सांगत नाही. ते घर दरवर्षी वारी करतं. तुळशीची माळ गळ्यात, देवघरात विठोबा. त्या विठोबाला हळदीचा लेप लावून उजळ करावा असं त्यांच्या कधी मनात आलं नसेल.

हे एका घरचं असतं तर भरसभेत बोललो नसतो. आपल्यातल्या किती पोरींनी चेहऱ्याला डब्या चोळल्या असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. एका फार प्रसिद्ध मलमानं २०२० साली आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द काढून टाकला. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून काढला. दुकानदाराला लाज वाटली आणि माळकऱ्याला नाही, असं होऊ नये एवढंच आमचं म्हणणं. आई-बापांचंही आम्हांला कळतं. पोर उजवायची काळजी असते, चार लोकांत जायचं असतं. पण ते चार लोक म्हणजे आपणच की!

कोणी म्हणेल, बुवा, सावळी म्हणा, काळी कशाला? सावळा हा गोड शब्द आहे, श्यामलवरून आलेला, आम्हांलाही आवडतो. पण देवाला सावळा म्हणताना आपण गोडी म्हणून म्हणतो आणि पोरीला सावळी म्हणताना सवलत म्हणून म्हणतो, हा फरक कानाला कळतो. द्रौपदीचं नाव कृष्णा. कृष्णा म्हणजे सरळसरळ काळी. तिच्या बापानं तिला निमगोरी म्हटलं नाही आणि तिच्या स्वयंवराला राजेरजवाडे कमी आले नाहीत.

त्या कागदावर 'वर्ण' लिहिलेलं असतं हेही बघा. वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे जात, एकच शब्द. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला असं आपण म्हणतो, त्यातला वाण तो हाच वर्ण. या शब्दानं पंढरीत काय केलं ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. चोखोबांना देवळाबाहेर ठेवलं आणि त्यांच्यानंतर कितीतरी पिढ्या तशाच बाहेर राहिल्या. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषणाला बसले, तेव्हा विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडं झालं. आपल्या दिंडीची तेव्हा विशी उलटून गेली होती. ज्या देवाच्या नावातच रंग आहे त्याच्या दाराशी माणसं वर्ण विचारत उभी होती. दार उघडलं. रकाना मात्र कागदावर राहिला.

म्हणून एक प्रत्यक्षातली गोष्ट मांडतो. आपल्या दिंडीची वधू-वरांची वही आहे. गावाकडं एक आणि इथं मुंबईच्या मंडळींकडं एक. त्या वहीनं पुष्कळ लग्नं जमवली, चांगलं काम आहे. शताब्दीच्या निमित्तानं ती नव्यानं छापायची ठरली आहे. जुन्या वहीत नाव, जन्मतारीख, शिक्षण, शेती, नोकरी यांच्यानंतर पाचवा की सहावा रकाना 'वर्ण' असा आहे. नव्या वहीत तो नको, असं आमचं म्हणणं. विश्वस्त मंडळींपैकी दोघांनी हो म्हटलं आहे. एक जण म्हणाले, रकाना काढला तरी लोक फोनवर विचारतीलच. विचारू द्या. विचारायचं तर तोंडानं विचारावं लागेल, आणि गळ्यात माळ असताना ते तोंडातून काढायला जड जाईल. छापील रकाना असला की विचारायचं कामच पडत नाही.

दुसरे म्हणाले, त्या जागी काय घालायचं, ओळ मोकळी दिसेल. आम्ही सुचवलं की वारी किती वर्षं केली ते लिहा. ते हसले. हसण्यावारी नेऊ नका, पण हेच पाहिजे असाही आमचा हट्ट नाही. रक्तगट लिहा. दवाखान्यात कामाला येतो, आणि लग्नाआधी माहीत असलेला बरा.

नातीचं अजून जमलेलं नाही, तिला घाईही नाही. तिनं इथल्या पोरांना पखवाज शिकवायला घेतला आहे, दर रविवारी येते. ते सहावीतलं पोरगंही त्यात आहे. बोल चुकवतो, पण विचारतो फार.

वहीचा कागद दशमीला छापखान्यात जायचा आहे. ज्यांना काही सांगायचं असेल, हो म्हणा की नाही म्हणा, त्यांनी त्याच्या आत वीणेकऱ्यांना सांगावं. बायांनीही सांगावं. पुरुषांनी सांगितलं म्हणजे घरचं मत झालं असं धरू नये. आता टाळ घ्या, हरिपाठाची वेळ झाली, आणि सहाची धार काढायला जाणारी मंडळी कधीची चुळबुळ करत्यात.

राम कृष्ण हरी.